ठरल्याचा बाक

मित्रांनो, आधी बसा. ही गोष्ट उभ्याने ऐकायची नाही, आणि कुणाला उभे ठेवून बोलणे मला जन्मात जमलेले नाही. मी बाक आहे. वयाने जुना, अंगाने लांब, लाकडाने साधा. पाठ सरळ आहे, चारही पाय शाबूत आहेत, फक्त डावा हात नाही. नवा माणूस मला पाहतो आणि हळहळतो, "चांगला बाक होता, कुणी मोडला कोण जाणे." मोडला नाही हो. काढला. ज्या दिवशी तो काढला, त्या दिवसाइतका मानाचा दिवस मला पुन्हा लाभला नाही. मला तुम्हाला तोच दिवस सांगायचा आहे. पण मुळापासून सांगितले नाही तर तो अधांतरी वाटेल.

माझा जन्म मुलांच्या घरातला. ज्यांना आईबाप नाहीत, किंवा असूनही ते सांभाळू शकत नाहीत, अशी मुले जिथे राहतात, जेवतात, भांडतात आणि शाळेला जातात, ते हे घर. मागच्या अंगाला सुताराची खोली होती. तिथे सुतारकाका मोठ्या मुलांना हत्यार धरायला शिकवत. शाळेतला एक जुना मंच मोडीत निघाला होता, त्याच्या फळ्या त्यांनी मागून आणल्या. मुलांनी त्या रंध्याने तासल्या, पटाशीने खाचा पाडल्या, एकमेकांच्या बोटांवर हातोडी मारली, रुसली, हसली, आणि त्या गडबडीत मी उभा राहिलो. माझे हात जोडताना एकाने विचारले, "काका, खिळे ठोकू?" काका म्हणाले, "खिळा नको, लाकडी खुंटी मार. खिळा पक्का खरा, पण काढायला गेलं की लाकूड फाटतं. जोड असा असावा, की वेळ आली तर सोडवता यावा." हे बोलणे तेव्हा माझ्या डोक्यावरून गेले. मला डोके कुठे आहे म्हणा, पण गेले.

माझी जागा ठरली वरच्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीबाहेरच्या अरुंद पॅसेजमध्ये. आत लांब टेबल होते आणि त्याभोवती गादीच्या खुर्च्या. दर महिन्याला तिथे बैठक भरे. निवृत्त न्यायाधीश येत, डॉक्टरीणबाई येत, शिक्षणखात्यातले एक साहेब येत, आणि घराच्या प्रमुख तर असतच. त्यांना सगळी मुले मोठ्या बाई म्हणत. माणसे भली, हे मी शपथेवर सांगेन. कुणाचे काही देणे लागत नसताना ती उन्हातान्हाची येत आणि परक्याच्या लेकरांसाठी डोके शिणवत. कुणाला कोणत्या शाळेत घालायचे, कुणाला मामाकडे पाठवायचे, अठरा वर्षांची झालेली मुले या घरातून निघून कुठे जाणार, हे सगळे त्या खोलीत ठरे. आणि ज्याचे ठरायचे, ते मूल बाहेर माझ्यावर बसे. मग दार किलकिले होई, एक हसरा चेहरा डोकावे आणि म्हणे, "ये रे, तुझं ठरलं हं."

मुलांनी माझे नावच ठेवून दिले, ठरल्याचा बाक. "आज ठरल्याच्या बाकावर कोण?" असे जिन्यातून विचारत. त्यात थोडी चेष्टा असे आणि पुष्कळ भीती.

ज्यांचे पाय जमिनीला टेकत नसत, ती मुले टाचांनी माझी खालची पट्टी बडवत. काही माझ्या कडेवर नखे घासत. आज हात फिरवून पाहा, ती कड लोण्यासारखी गुळगुळीत झाली आहे. आणि हळूहळू मला एक गंमत कळली. माझ्यावर बसले की मुले बोलू लागत. शेजारी स्वयंपाकाच्या मावशी येऊन टेकोत, नाहीतर दुसरे एखादे मूल बसो. दोघांची तोंडे समोरच्या भिंतीकडे असत, आणि बोलणे आपोआप सुटे. समोरासमोर उभे केले की तोंड शिवले जाते. शेजारी बसले की टाका उसवतो.

आता टकळीचे सांगतो.

टकळी म्हणजे सकाळी डोळे उघडल्यापासून बोलणारी मुलगी. पाणी पितानाही पेल्यात बोले. मावशी म्हणत, "अगं, जिभेला जरा विसावा दे, तिने तुझं काय घोडं मारलंय?" तिला एक धाकटी बहीण होती, गोल आणि इवलीशी, म्हणून सगळे तिला बटण म्हणत. टकळी असेल तिथे बटण असे. शर्टाला जसे असते तसे.

एका बैठकीला त्या दोघींची पाळी आली. दुसऱ्या गावात लहान मुलांसाठी वेगळे घर निघाले होते. तिथे बाग होती, लहान मुलांची खास काळजी घेणाऱ्या बाया होत्या. बटणाला तिथे पाठवावे, असे सगळ्यांच्या मनात होते, आणि खरे सांगायचे तर त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. रीत म्हणून थोरलीला आत बोलावले. दार उघडेच राहिले होते, त्यामुळे मला दिसत होते. टेबलाच्या पलीकडे सगळे बसलेले, अलीकडे ही एकटी उभी. न्यायाधीशांनी मऊ आवाजात विचारले, "बाळ, तुला काही म्हणायचं आहे का?"

आणि दिवसभर चुरूचुरू बोलणारी ती पोर गप्प राहिली. ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. ती नुसती फरशीकडे पाहत राहिली. सगळे थांबले, अगदी सभ्यपणे थांबले. मग न्यायाधीश म्हणाले, "मुलीची हरकत दिसत नाही." आणि ते पुढच्या मुलाकडे वळले.

टकळी बाहेर आली, माझ्यावर बसली, आणि समोरच्या भिंतीला सगळे सांगू लागली. बटण झोपताना माझ्या वेणीचं टोक मुठीत धरते. झोप लागल्यावर ते सोडवायचं असेल तर ओढायचं नाही, मुठीवर हळूच फुंकर घालायची, मग मूठ आपोआप उघडते. दूध गार करून दिलं तरच पिते. हाक मारली तर ओ देत नाही, जवळ जाऊन पाठीवर हात ठेवावा लागतो. "तिकडच्या बायांना हे कोण सांगणार?" असे ती भिंतीला विचारत होती.

बटण गेली. जीप निघाली तेव्हा ती काचेला नाक लावून हसत होती. थोरलीसुद्धा बरोबर येते आहे, असे तिला वाटत होते.

त्यानंतर टकळीचे नाव तेवढे उरले. ती बोले ते कामापुरते. सुट्टीत वर्षाकाठी एखादी भेट होई, तीही दुसऱ्यांच्या सोयीने. एखादी मुलगी याने कडू झाली असती, आणि तिला कुणी दोषही दिला नसता. टकळीने मात्र एक नेम धरला. बैठकीच्या आदल्या दिवशी, ज्याची पाळी असेल त्या मुलाला घेऊन ती माझ्यावर येऊन बसायची. ताप असो, परीक्षा असो, नेम चुकला नाही. मित्रांनो, व्रत म्हणजे आणखी काय असते? न चुकता, न बोलता, दुसऱ्यासाठी वेळेवर हजर होणे. ती मुलाकडे पाहायची नाही. "भिंतीकडे बघ," म्हणायची, "आणि तुला काय हवंय ते तिला सांग. मी नुसती बसलेय." मूल अडखळत सांगे. मग ती म्हणे, "आता हेच उद्या आत." लोक म्हणतात, देव सगळ्यांचे ऐकतो. ऐकत असेलच. पण त्यालाही ऐकायला कुणाचे तरी कान उसने घ्यावे लागतात, आणि त्या पॅसेजमध्ये त्याने तिचे घेतले होते, अशी माझी श्रद्धा आहे.

तरी व्हायचे तेच होई. एका मुलाला जाड चष्मा होता, त्याला सगळे प्रोफेसर म्हणत. त्याला आपली शाळा सोडायची नव्हती. तिथे त्याला एक मित्र मिळाला होता, जन्मातला पहिलाच. माझ्यावर बसून त्याने हे इतके छान सांगितले की माझ्या फळ्या भरून आल्या. दुसऱ्या दिवशी तो आत गेला आणि विचारल्याबरोबर म्हणाला, "हो, चालेल." बाहेर येऊन रडत रडत टकळीला म्हणाला, "ताई, बाकावर येतं गं. टेबलासमोर उभं राहिलं की पुसलं जातं."

टकळीने त्याचा चष्मा ओढणीने पुसून दिला. मग तिचा हात माझ्या पाठीवर बराच वेळ होता, जणू माझे वजन किती असेल याचा अंदाज घेत होती.

पुढची बैठक तिचीच होती. ती अठरा वर्षांची होत आली होती, आणि अठरा पूर्ण झाली की या घरातून निघायचे, हा नियम. मोठ्या शहरात मुलींचे वसतिगृह होते, जवळच कपडे शिवायचा कारखाना होता. तिला तिथे पाठवावे असे जवळजवळ ठरलेच होते. वाईट काय होते त्यात? काहीच नाही. फक्त ते शहर एका टोकाला आणि बटणाचे गाव दुसऱ्या टोकाला. तिथे गेली असती तर वर्षाकाठची ती एक भेटही राहिली नसती.

बैठकीच्या दिवशी मंडळी आत बसली. दार लागले. टकळी पॅसेजमध्ये आली, पण माझ्यावर बसली नाही. तिच्यामागे प्रोफेसर होता आणि आणखी चारपाच दणकट मुले होती. "उचला," ती म्हणाली. त्यांनी मला उचलले. एकाने दार ढकलले. आणि मी, जो इतकी वर्षे त्या दाराकडे नुसता पाहत होतो, तो उजव्या टोकाने खोलीत शिरलो.

शिरलो खरा, पण अर्धाच. पॅसेज अरुंद आणि मी लांबलचक. वळताना माझा डावा हात मागच्या भिंतीला भिडला, पाठ चौकटीत रुतली, आणि मी पाचरीसारखा घट्ट बसलो. मुलांनी ओढले, ढकलले, एकमेकांना दोष दिला. मी ना आत, ना बाहेर. आतल्यांना बाहेर येता येईना, बाहेरच्यांना आत जाता येईना.

मोठ्या बाई उठून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा मी कधी इतका लाल पाहिला नव्हता. शिक्षणखात्यातले साहेब घड्याळ पाहत म्हणाले, मला संध्याकाळची गाडी पकडायची आहे. तेवढ्यात चहाचा ट्रे घेऊन मावशी आल्या. त्यांनी माझ्या पाठीवरून एकेक पेला आत दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "साहेब, गाडी दाराबाहेर आहे आणि दारात बाक आहे. चहा घ्या." सुतारकाकांना बोलावणे गेले, तर ते बाजारात गेले होते.

मोठ्या बाईंनी विचारले, "टकळे, हा काय प्रकार आहे?"

टकळी माझ्या बाहेरच्या अर्ध्या भागावर बसली होती. तिने वर पाहिले नाही. समोरच्या भिंतीकडे पाहून ती म्हणाली, "बाई, आम्हाला बाकावर बोलता येतं. म्हणून बाक आणला."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. न्यायाधीश उठले, चष्मा काढून खिशात ठेवला, आणि गुडघ्यावर हात ठेवत माझ्या आतल्या अर्ध्या भागावर येऊन बसले. म्हातारे हाड, मी जरासा डुललो. दोघांच्या मधोमध चौकट आली. त्यांना तिचा चेहरा दिसत नव्हता, तिला त्यांचा. त्यांच्यासमोर खोलीची रिकामी भिंत, तिच्यासमोर पॅसेजची.

"इथून तर नुसती भिंत दिसते," ते म्हणाले.

"हो काका. म्हणूनच."

आणि मग टकळी बोलली. मित्रांनो, मी पुष्कळांचे बोलणे ऐकले आहे, पण इतके सरळ बोलणे ऐकले नाही. तिने कुणाला दोष दिला नाही, डोळ्यांतून टिपूस काढले नाही. ती म्हणाली, माझी धाकटी त्या दुसऱ्या गावात आहे. मला शहर नको, त्या गावात पाठवा. काम शिवणाचं असो की भांड्यांचं, मी करीन. रविवारी तिच्या दाराशी जाऊन उभी राहू शकेन, एवढ्या अंतरावर मला ठेवा. बटणाची वेणीची सवय तिने सांगितली, मुठीवरची फुंकर सांगितली. मग ती थांबली आणि म्हणाली, "काका, त्या दिवशी तुम्ही विचारलं होतंत. मी गप्प राहिले. पण ते हो नव्हतं."

आयुष्यभर न्यायाधीशांनी समोर उभ्या असलेल्यांचे ऐकले होते; शेजारी बसून ऐकण्याचा हा त्यांचा पहिलाच प्रसंग असावा. ते म्हणाले, "तुझी हरकत नाही, असं मीच म्हणालो होतो." त्यांनी माझ्या पाठीला पाठ टेकली. "आता सांग, बाळ. आणखी काय सांगायचं राहिलंय?"

"माझं झालं. पण प्रोफेसरचं राहिलंय."

डॉक्टरीणबाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मोठ्या बाईंनी स्वतः हात देऊन त्या चष्मेवाल्या मुलाला माझ्यावर बसवले. त्यानेही भिंतीला सगळे सांगितले. साहेबांची गाडी त्या दिवशी चुकली. पण प्रोफेसरचे नाव अजून जुन्या शाळेतून काढले नव्हते, आणि शाळेचा विषय त्यांच्याच खात्याचा. चहाचा दुसरा पेला घेत त्यांनीच प्रोफेसरला म्हटले, तू आहेस तिथेच राहा, बाकीचं मी बघतो.

टकळीचेही त्याच बैठकीत मार्गी लागले. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीची एक वयस्क नर्स बटणाच्या गावात एकटी राहत होती. तिच्याकडे एक खोली होती आणि तिला सोबत हवी होती.

सुतारकाका आले तेव्हा अंधारून आले होते. त्यांनी मला पाहिले, कपाळाला हात लावला, आणि मग लाकडी ठोकणीने माझ्या डाव्या हाताच्या खुंट्या एकेक करून बाहेर काढल्या. लाकूड कुठेही फाटले नाही. हात अलगद निघाला. मी वळलो आणि अख्खाच्या अख्खा खोलीत गेलो. तेव्हा मला काकांचे ते जुने बोलणे उमगले.

त्यांनी विचारले, हात परत बसवू का? मोठ्या बाई होकार देणार होत्या, पण मावशी मध्येच म्हणाल्या, "राहू द्या की. हात नसला तर त्या टोकाला आणखी एक पोर मावेल." मग तो हात काकांनी टकळीला दिला. म्हणाले, घे, संसाराला हातभार. तिच्या सामानात एक ट्रंक, एक पिशवी आणि माझा डावा हात, एवढेच होते. ऐकतो की तिने तो खोलीच्या भिंतीला लावला आणि त्यावर कपडे टांगले.

त्या दिवसापासून मी आतच आहे. आता बैठकीत मूल उभे राहत नाही. ते माझ्यावर बसते, आणि आतल्यांपैकी कुणीतरी त्याच्या शेजारी येऊन बसते. सगळेच निर्णय मुलांच्या मनासारखे होतात असे नाही; जग काही एका बाकाने बदलत नाही. पण मूल काय म्हणाले ते आधी ऐकले जाते, आणि नाही म्हणायचे असेल तर का, ते त्याला शेजारी बसून सांगितले जाते. घर सोडून गेलेल्या मुलांनाही बोलावतात. कुणी गवंडी झाला आहे, कुणी रिक्षा चालवतो, कुणी नर्सचे शिकते. ती येतात आणि बाहेर पडल्यावर कुठे ठेच लागली ते सांगतात, म्हणजे मागून येणाऱ्याला लागू नये.

माझे वार्निश उडाले आहे. एक पाय पावसाळ्यात फुगतो. मध्यंतरी नवे सामान आले, तेव्हा मला गच्चीवर टाकायचे चालले होते. नव्या शिपायाने मला धरलेही होते. पण प्रोफेसर आता या घरातल्या मुलांचा हिशेबाचा मास्तर आहे. तो धावत आला आणि माझ्यावर चक्क आडवा झाला. मित्रांनो, जुन्या वस्तूंना पुसा, तेलपाणी करा, हे तर मी म्हणेनच. बाकाने दुसरे काय म्हणावे? पण माझी खरी विनवणी वेगळी आहे. तुमच्या घरात, शाळेत, कुणाविषयी काही ठरवायची वेळ आली, तर त्याला समोर उभे करू नका. जरा सरका आणि शेजारी जागा करा. आणि तो गप्प राहिला, तर त्याच्या गप्प राहण्याला हो समजू नका. वाट पाहा.

गेल्या बैठकीला टकळी आली होती. ती आता या खोलीत पाहुणी म्हणून येत नाही, ठरवणाऱ्यांत बसते. तिच्यासाठी गादीची खुर्ची ठेवलेली असते, आणि ती दर वेळी माझ्यावर बसते, हात नसलेल्या टोकाला. या वेळी बरोबर बटण होती. चांगली उंच झाली आहे, पण नाव तेच. बैठक सुरू व्हायची होती. दोघी बोलत होत्या, आणि बोलता बोलता बटणाने थोरलीच्या वेणीचे टोक उचलून मुठीत धरले होते. तिला ते ठाऊकही नव्हते.

तेवढ्यात दारात एक छोटी मुलगी आली. नवीनच होती. चौकटीला चिकटून तिने विचारले, "माझं ठरलं का?"

टकळीने बहिणीच्या मुठीवर हळूच फुंकर घातली. मूठ उघडली.

"नाही गं," ती त्या मुलीला म्हणाली. "तू बोलल्याशिवाय कसं ठरेल?" आणि ती माझ्यावर जरा सरकली.